ठिपक्याखालचा पाया

लक्ष्यवेधाच्या पिस्तुलावर लाल ठिपक्याची साइट बसवणे हे काम वरवर पाहणाऱ्याला अर्ध्या तासाचे वाटते. एक रेल, चार-सहा स्क्रू, दोन कड्या, आणि मग रेंजवर जाऊन ठिपका आणि गोळीचे भोक एका जागी येईपर्यंत क्लिक फिरवत राहणे. एवढ्याशा कामावर अख्खे पुस्तक कशासाठी, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर एका साध्या गणितात आहे. साइट ज्या पट्टीवर बसते तिच्या पुढच्या आणि मागच्या स्क्रूंमध्ये ४० मिलिमीटर अंतर आहे असे धरा. पट्टीखाली कचऱ्याचा एक कण अडकला, किंवा एक स्क्रू सैल झाला, आणि पट्टीचे एक टोक ०.०५ मिलिमीटरने उचलले गेले. वहीच्या कागदाची ही साधारण निम्मी जाडी. डोळ्याला ती दिसत नाही, बोटाला जाणवत नाही. पण ५० मीटरवर तिच्यामुळे गोळी सुमारे ६२ मिलिमीटर सरकते. त्या अंतरावरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच ५० मिलिमीटर असतो. म्हणजे नेमबाजाने सगळे बिनचूक केले, श्वास रोखला, चाप रेशमासारखा ओढला, तरी गोळी दहाच्या बाहेर जाणार, आणि तो बिचारा आपल्या मनगटात दोष शोधत बसणार. ठिपका पाहण्याची विद्या लोकांना पटकन येते. ठिपक्याखालचा पाया मात्र कुणी पाहत नाही, आणि हे पुस्तक त्या पायाबद्दल आहे.

या विषयाकडे पाहण्याची एक दृष्टी सुरुवातीलाच मांडतो, कारण पुढचे सगळे विवेचन तिच्यावर उभे आहे. कोणतीही साइट नेमातली चूक नाहीशी करत नाही. ती काही चुका नेमबाजाला दाखवते आणि काही लपवते. साइट बदलणे म्हणजे कोणत्या चुका दिसाव्यात आणि कोणत्या झाकल्या जाव्यात याचा नवा करार करणे. ठिपका बसवणाऱ्याने हा करार समजून केला तर त्याचे गुण वाढतात. तो न समजता केला तर महागडी काच डोक्यावर घेऊन पिस्तूल पूर्वीइतकेच चुकत राहते, फक्त चूक कुठून येते हे कळेनासे होते.

आधी जुना करार पाहू. उघड्या साइटमध्ये नळीच्या टोकाला उभी माशी आणि मागे चौकोनी खाच असते. (बंदुकीच्या पुढच्या साइटला मराठीत माशी म्हणण्याची जुनी रीत आहे. तिच्याइतका नेटका शब्द दुसरा नाही, म्हणून या पुस्तकात तोच वापरला आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिज नावाच्या अमेरिकन नेमबाजाने चौकोनी माशी आणि चौकोनी खाच यांची जोडी रूढ केली. माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या सारख्या रेघा आणि माथा खाचेच्या काठाशी सपाट, ही त्याची रचना लक्ष्यवेधात आजही चालते, आणि सव्वाशे वर्षांत तिच्यात मूलभूत असे काही बदलावे लागलेले नाही. तिच्यात अडचण आहे ती डोळ्याची. खाच, माशी आणि लक्ष्य ही तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात आणि माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. म्हणून प्रत्येक कोच शिकवतो की नजर माशीवर ठेवा, लक्ष्य धूसर दिसू द्या. हे शिकवावे लागते, कारण मन स्वभावतः लक्ष्याकडे धावते. नजर माशीवरून सुटली की माशी खाचेत किंचित कलंडते आणि ते कलंडणे दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या पिस्तुलात माशी आणि खाच यांच्यात जास्तीत जास्त २२० मिलिमीटर अंतर चालते. तेवढ्या अंतरावर माशी अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी २५ मीटरवर गोळी सुमारे ५७ मिलिमीटर आणि ५० मीटरवर सुमारे ११४ मिलिमीटर चुकते. याउलट माशी-खाच नीट जुळलेली असताना सगळा हातच पाच मिलिमीटर सरळ बाजूला सरकला, तर गोळी पाचच मिलिमीटर सरकते. उघडी साइट हाताचे डोलणे माफ करते, कोनातली चूक माफ करत नाही, आणि वर ती चूक दाखवतही नाही. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी होते, हातभर अंतरावरची माशी धुरकट होऊ लागते. तेव्हापासून हा करार दरवर्षी थोडा थोडा महाग होत जातो.

नव्या कराराचे मूळ पिस्तुलात नाही, ते दुर्बिणी बनवणाऱ्याच्या कारखान्यात आहे. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब हे मोठमोठ्या वेधशाळांसाठी दुर्बिणी बनवणारे घराणेदार कारागीर. त्यांनी १९०० साली अशा साइटची कल्पना मांडली की जिच्यात एका काचेवर उजळ खूण परावर्तित होते आणि तिचे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात. किरण समांतर असल्यामुळे ती खूण अनंत अंतरावर, म्हणजे लक्ष्याच्याच पातळीवर असल्यासारखी दिसते. डोळ्याला आता तीन गोष्टी जुळवायच्या नाहीत. लक्ष्याकडे पाहायचे, खूण आपोआप तिथे दिसते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणि मग दुसऱ्यात विमानांच्या तोफांवर ही साइट रुजली. हातातल्या शस्त्रावर मात्र ती येऊ शकली नाही, कारण खूण उजळायला लागणारा दिवा आणि त्याची वीज दोन्ही जड होती. ती अडचण प्रकाश देणाऱ्या डायोडने सोडवली. दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तयार केला, आणि १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने डायोडवर चालणारी पहिली साइट बाजारात आणली. या दोन घटनांमधली तेरा वर्षे वगळली तर लाल ठिपक्याच्या इतिहासात फारसे गूढ नाही. तत्त्व जुने होते, ते उजळायला लहान दिवा मिळण्याची वाट पाहत होते.

हा ठिपका लक्ष्यवेधात खऱ्या अर्थाने रुजला तो अमेरिकेच्या बुल्सआय स्पर्धांत, आणि म्हणून या पुस्तकातली बरीचशी उदाहरणे तिथली आहेत. हा खेळ मराठी वाचकाला अपरिचित असेल, तेव्हा त्याची रीत थोडक्यात सांगतो. नेमबाज उभा राहून एका हाताने पिस्तूल धरतो. .२२ चे पिस्तूल, मग मोठ्या व्यासाचे कोणतेही, मग .४५ चे, अशा तीन पिस्तुलांनी प्रत्येकी ९० गोळ्या झाडायच्या. सावकाश फेरीत ५० यार्डांवर दहा गोळ्यांना दहा मिनिटे मिळतात. २५ यार्डांवरच्या दोन फेऱ्यांत पाच गोळ्यांना अनुक्रमे वीस आणि दहा सेकंद. एकूण गुण २७००. ओहायो राज्यातले कॅम्प पेरी हे या खेळाचे पंढरपूर. तिथे राष्ट्रीय स्पर्धा १९०७ पासून भरत आल्या आहेत. ठिपक्याची साइट चालेल अशी मुभा या खेळाने दिली, आणि काही वर्षांतच रेंजवरच्या बहुसंख्य पिस्तुलांवर नळकांड्यासारख्या ठिपका-साइट दिसू लागल्या.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ठिपक्याने नेमबाजी सोपी केली, कौशल्याची जागा यंत्राने घेतली, असे जुन्या वळणाचे अनेक नेमबाज म्हणतात. त्यांना देण्याजोगा सगळ्यात ठोस पुरावा बुल्सआयच्याच दप्तरात आहे. हर्शेल अँडरसन यांनी १९७४ मध्ये २७०० पैकी २६८० गुण मिळवले, म्हणजे २७० गोळ्यांत केवळ २० गुण गमावले. डायोडवरची साइट बाजारात यायला तेव्हा आणखी एक वर्ष होते. त्यानंतर ठिपका वापरणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या येऊन गेल्या, काचा सुधारल्या, गोळ्या सुधारल्या, आणि तो विक्रम दशकानुदशके टिकला. ठिपका कौशल्याची जागा घेऊ शकत असता तर असे झाले नसते. अर्थात एका असामान्य माणसाचा विक्रम हा सगळ्यांविषयीचा पुरावा होत नाही, हेही मान्य केले पाहिजे. बहुसंख्यांनी ठिपका स्वीकारला तो त्यांना काहीतरी मिळाले म्हणूनच. ते काय मिळाले? ज्यांचे हात स्थिर होते, चाप स्वच्छ होता, पण माशी दिसेनाशी झाली होती, त्यांना पुन्हा खेळात जागा मिळाली. नवशिक्यांना आपली चूक डोळ्यांनी पाहता आली. शिखरावरच्यांची उंची ठिपक्याने फार वाढवली नाही. डोळ्यामुळे वाटेत अडकून पडलेल्यांना त्याने वर चढू दिले.

ठिपक्यामुळे काय अवघड झाले हे आक्षेप घेणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. उघड्या साइटमध्ये नजर माशीवर असते, म्हणून धूसर लक्ष्यावरचे डोलणे फारसे जाणवत नाही. ठिपका मात्र हाताची प्रत्येक थरथर लक्ष्यावर लाल शाईने लिहून दाखवतो. दहाच्या वर्तुळातून तो जातो, बाहेर पडतो, पुन्हा येतो. पाहणाऱ्याचे मन म्हणते, आता, आता आला की ओढ. आणि बोट चापावर झटका देते. त्या झटक्याने पिस्तुलाची नळी कलते आणि गोळी डोलण्याच्या कक्षेबाहेर, सातात किंवा सहात जाते. म्हणून नव्याने ठिपका बसवलेल्या अनेकांचे गुण आधी घसरतात. डोलणे स्वीकारणे, ठिपका दहाभोवती फिरत असतानाच चापावरचा दाब अखंड वाढवत नेणे, आणि गोळी सुटण्याचा क्षण मनाने न निवडणे, हे त्याचे औषध. हे औषध माशीच्या शाळेतही तेच होते. ठिपक्याने त्याची गरज कमी केली नाही, उलट ती लपवता येणार नाही अशी केली. त्यामुळे ठिपक्याला मी शिकवण्याचे साधन मानतो, आणि ज्यांना स्पर्धेत तो वापरता येणार नाही त्यांनाही तो सरावासाठी उपयोगी आहे असे म्हणतो.

ही शेवटची गोष्ट भारतीय वाचकासाठी विशेष महत्त्वाची, कारण आपल्याकडची बहुतेक सगळी पिस्तूल नेमबाजी ऑलिंपिकच्या वळणाची आहे आणि त्या वळणात ठिपक्याला जागा नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलावर फक्त उघडी साइट चालते. दुर्बीण, आरसा, प्रक्षेपित ठिपका, लेझर, काहीही नाही. डोळ्यावर चष्म्याचे भिंग चालते, पिस्तुलावर नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले ते माशी आणि खाच यांच्याच जोरावर. मनू भाकर यांचे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधले १० मीटर एअर पिस्तुलातले कांस्यही तसेच. महाराष्ट्राची ख्याती खरे तर रायफलची. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे ही नावे घराघरांत पोचली आहेत, आणि रायफलीच्या मागच्या बारीक छिद्रातून पाहण्याची सवय आपल्या अनेक रेंजवर मुरलेली आहे. अशा मुलखात लाल ठिपक्यावरचे पुस्तक हवेच कशाला, असा दुसरा आक्षेप येतो.

त्याला माझे उत्तर दुहेरी आहे. ऑलिंपिकचा नियम चुकीचा आहे असे मी मानत नाही. डोळ्याने माशी धरून ठेवणे हा त्या परीक्षेचा भागच आहे, जसे उंच उडीत बांबू चालत नाही. पण परीक्षा एकच असते असे नाही. पन्नाशीच्या पुढचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले, शासकीय किंवा सैनिकी सेवेतून निवृत्त झालेले कितीतरी लोक माशी दिसत नाही म्हणून पिस्तूल खाली ठेवतात, आणि त्यांनी ते ठेवू नये असे मला कळकळीने वाटते. परदेशात गेलेली, अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी माणसे तिथल्या क्लबांत बुल्सआय खेळू लागली तर त्यांच्यासमोर पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. दुसरे असे की उघड्या साइटवर घडणारा तरुण नेमबाज सरावात काही आठवडे ठिपक्याने खेळला तर त्याचा चाप कुठे चुकतो ते त्याला स्वतःला दिसते. कोचने शंभरदा सांगून न पटलेली गोष्ट ठिपका एका संध्याकाळी पटवतो. मात्र त्यासाठी ठिपक्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे, आणि तो विश्वास काचेतून येत नाही. तो बसवणीतून येतो.

बसवणीच्या बाबतीत आज तीन वळणे स्पष्ट दिसतात. पहिले, नळीशी किंवा नळीला घट्ट जोडलेल्या भागाशी साइट बांधणे. रूगरच्या मार्क मालिकेतल्या .२२ पिस्तुलांत बोल्ट आत सरकतो, वरचे नळकांडे आणि नळी मात्र एकमेकांना कायमची जोडलेली असतात. त्या नळकांड्यावर बसवलेली साइट गोळी सुटताना जागची हलत नाही. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ४१ मध्येही मागची साइट स्लाइडवर नसून नळीच्या मागे वाढवलेल्या पट्टीवर असते, त्यामुळे नळी आणि साइट यांचे नाते अभंग राहते. लक्ष्यवेधासाठी ही रचना सर्वांत निर्धोक, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे वळण फ्रेमवर साइट बांधण्याचे. वेगवान गोळीबाराच्या, जागा बदलत खेळायच्या स्पर्धांत ते वाढले. फ्रेमला बाजूने पट्टी बसवून साइट स्लाइडच्या वर अधांतरी धरतात. साइट हलत नाही, काच टिकते, ठिपका धक्क्यानंतर लवकर परत सापडतो. पण .४५ च्या, ‘१९११’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळणाच्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड दोन्ही फ्रेमवर सरकतात. साइट फ्रेमवर आणि नळी स्लाइडबरोबर, म्हणजे स्लाइड आणि फ्रेम यांच्यातली जी काही सैलसर जागा असेल ती सगळी नेमात उतरते. फ्रेमवरची साइट चांगली की वाईट हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. त्या पिस्तुलाची स्लाइड फ्रेमवर किती घट्ट बसते, हा खरा प्रश्न. तिसरे वळण अलीकडचे, स्लाइडच्या पाठीवरच चिमुकली साइट बसवण्याचे. इथे नळी बंद अवस्थेत स्लाइडशी जखडलेली असल्याने नेमाचे नाते चांगले राहते, पण साइट प्रत्येक गोळीला स्लाइडबरोबर मागे झेपावते आणि टोकाला आदळून थांबते. तीस-पस्तीस ग्रॅमची काच असली तरी त्या आघातात स्क्रूंवर येणारा ताण तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. शिवाय स्लाइडचे वजन वाढले की तिचा वेग बदलतो, आणि लक्ष्यवेधासाठी मुद्दाम हलक्या भरलेल्या गोळ्या ती पुरती मागे ढकलू शकत नाहीत. मग स्प्रिंग बदलावी लागते. एका काचेसाठी पिस्तुलाचा सगळा तोल नव्याने मांडावा लागतो, तो असा.

रेलच्या जाती दोन-तीनच आहेत, पण त्यांच्यातला गोंधळ फार. जुन्या वीव्हर रेलच्या आडव्या खाचा सुमारे ४.५७ मिलिमीटर रुंद असतात. पिकॅटिनी रेल १९९५ मध्ये अमेरिकी सैन्याने प्रमाणित केली. तिच्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद आणि ठरावीक अंतरावर. वीव्हरची कडी पिकॅटिनीवर बसते, उलटे सहसा होत नाही. बसते तेव्हाही खाचेत पुढेमागे जागा उरते, आणि धक्क्याने कडी त्या जागेत सरकत राहते. ती मिळेल तशी बसवली तर पहिल्या शंभर गोळ्यांत नेम सरकतो, आणि लोक साइटला दोष देतात. कडी खाचेच्या पुढच्या कडेला टेकवून मगच आवळली तर सरकायला जागाच राहत नाही, कारण पिस्तूल मागे उसळते तेव्हा साइट जडत्वाने पुढे जाऊ पाहते. एवढी छोटी गोष्ट, पण ती कारणासह कळली की कुठल्याही रेलवर चालते. स्क्रूचेही तसेच. आट्यांवरचे तेल पुसून कोरडे करणे, मध्यम ताकदीचा निळा चिकटद्रव थेंबभर लावणे, टॉर्क मोजणाऱ्या पेचकसाने उत्पादकाने सांगितला तेवढाच दाब देणे, आणि स्क्रूच्या माथ्यापासून पट्टीवर एक पांढरी रेघ ओढून ठेवणे, म्हणजे स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. जास्त आवळणे हे सैल सोडण्याइतकेच घातक आहे. बारीक स्क्रू ताणला जातो, ॲल्युमिनिअमचे आटे जातात, आणि नंतरच्या आघातात तो तुटतो. रेल बसवण्यासाठी पिस्तुलाला नवी भोके पाडायची असतील तर ते काम परवानाधारक कारागिराचेच. हे पुस्तक त्या कामाची उकल करते, पण घरच्या ड्रिलने ते करावे असे सुचवत नाही. आणि कोणत्याही स्क्रूला हात लावण्याआधी मॅगझीन काढून, चेंबर रिकामा आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासणे, हे इथे एकदाच लिहिले असले तरी प्रत्येक वेळी करायचे आहे.

उंचीचा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो. उघड्या साइटची रेषा नळीपासून दीड-दोन सेंटिमीटर वर असते, ठिपक्याची तीन-चार किंवा अधिक. त्यामुळे वेगवेगळ्या अंतरांवर गोळी ठिपक्याच्या वरखाली कुठे पडेल हे गणित बदलते, आणि उघड्या साइटच्या सवयीचे क्लिक इथे चालत नाहीत. त्याहून मोठा परिणाम हाताच्या सवयीवर होतो. वर्षानुवर्षे माशी डोळ्यासमोर आणणारा हात ठिपका-साइट उचलल्यावर तीच उंची गाठतो, आणि काचेत ठिपका दिसतच नाही. तो काचेच्या काठापलीकडे कुठेतरी असतो. दहा सेकंदांत पाच गोळ्यांच्या फेरीत ठिपका शोधत बसणे परवडत नाही. साइट शक्य तितकी खाली बसवणे, मुठीचा कोन जुळवून घेणे, आणि डोळे मिटून पिस्तूल उचलून मग उघडल्यावर ठिपका काचेच्या मध्यात आहे का हे पाहत राहणे, यावर पुस्तकातला बराच भाग खर्च झाला आहे, आणि तो योग्यच खर्च झाला आहे.

ठिपक्याचा आकार आणि उजेड यांबद्दलचे वाद नेमबाजांत तावातावाने चालतात. ठिपक्याचा आकार कोनाच्या मिनिटांत मोजतात. एक मिनिट म्हणजे ५० मीटरवर साडेचौदा मिलिमीटर. चार मिनिटांचा ठिपका तिथे ५८ मिलिमीटर झाकतो, म्हणजे दहाचे वर्तुळ पूर्ण त्याच्याखाली जाते. बारीक ठिपक्याचे समर्थक म्हणतात की जे झाकले गेले त्यावर नेम धरता येत नाही. मोठ्या ठिपक्याचे समर्थक म्हणतात की मोठा ठिपका कमी थरथरताना दिसतो आणि मन शांत राहते. माझ्या मते दोघेही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या चुकांबद्दल बोलत आहेत. उजेडाबाबत मात्र एकमत हवे: ठिपका लक्ष्याच्या काळ्या वर्तुळावर जेमतेम दिसेल इतकाच मंद ठेवावा. तेजस्वी ठिपका फुलतो, कडा पसरतात, आणि ज्यांच्या डोळ्यात दृष्टिवैषम्य आहे त्यांना तो स्वल्पविरामासारखा किंवा चांदणीसारखा दिसतो. अशा वेळी साइट बदलण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका पाहावा. तिथे तो गोल दिसला तर दोष काचेत नाही, डोळ्यात आहे, आणि उपाय चष्म्याच्या दुकानात आहे.

ठिपका काचेत कुठेही असला तरी चालते, तो लक्ष्यावर असला की झाले, हे जाहिरातींतले वाक्य अर्धसत्य आहे. किरण पूर्ण समांतर असतील तर डोळा मध्यापासून सरकल्याने येणारी चूक काचेच्या त्रिज्येपेक्षा जास्त होत नाही. तीस मिलिमीटरच्या काचेत ती १५ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि खऱ्या काचेत किरण अगदी समांतर नसल्याने थोडी अधिकही. झटपट खेळात ती नगण्य. २५ मीटरवर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असताना ती गुण खाणारी. १० मीटरच्या एअर पिस्तूल लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, तिथे ती सरळ नाश करणारी. म्हणून लक्ष्यवेधात ठिपका काचेच्या मध्यात ठेवण्याची शिस्त पाळावीच लागते. नळकांड्याच्या साइटचे चाहते याच कारणासाठी नळकांडे सोडत नाहीत. त्याची गोल कड ठिपक्याभोवती चौकटीसारखी दिसते आणि मध्य चुकला तर लगेच कळते.

या सगळ्या वळणांतून एकच सर्वोत्तम मार्ग निवडून देणे हा पुस्तकाचा हेतू नाही. पिस्तूल कोणते, अंतर किती, वेळ किती, डोळा कसा, यावर निवड ठरते. पुस्तक प्रत्येक निवडीमागचे कारण दाखवते, म्हणजे वाचकासमोर पुस्तकात नसलेले पिस्तूल आले तरी त्याला स्वतः विचार करता येईल. कंपन्यांच्या यादीची पाने इथे कमी आहेत, कारण त्या याद्या दोन वर्षांत शिळ्या होतात. स्क्रूचे आटे, धातूची ताठरता आणि डोळ्याचे भिंग शिळे होत नाही. सगळी मापे मीटर आणि मिलिमीटरमध्ये दिली आहेत, कारण आपल्या रेंज मीटरवर आखलेल्या आहेत. पुढच्या अमेरिकी उदाहरणांत यार्ड ठेवले आहेत तिथे शेजारी मीटरही आहेत. शब्दांच्या बाबतीत जिथे मराठीत चालू शब्द होता तिथे तो घेतला आहे, जसे माशी, खाच, नळी, मूठ, चाप. जिथे रेंजवर सगळे इंग्रजीच बोलतात तिथे स्लाइड, रेल, क्लिक, झीरो हे शब्द तसेच ठेवले आहेत. प्रत्येक बसवणीच्या शेवटी वाचकाने करायची एक परीक्षा दिली आहे. पिस्तूल बैठकीवर टेकवून दहा गोळ्यांचा एक गट झाडायचा, साइट पूर्ण उतरवून पुन्हा त्याच जागी बसवायची, आणि दुसरा गट त्याच कागदावर झाडायचा. दोन्ही गटांचे मध्य मोजपट्टीने मोजून त्यांच्यातले अंतर वहीत लिहायचे. त्या नोंदीसाठी पुस्तकाच्या अखेरीस कोरी पाने सोडली आहेत.